केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा उभं राहताना काय जपायचं, काय बदलायचं?

उजवी विंग (धागाकर्ता)

कोल्हापुरातल्या हौशी नाटकांना मी २२ वर्षं प्रकाशयोजना करतोय. तोंडाला रंग लावून रंगमंचावर कधी गेलो नाही. माझी जागा उजव्या विंगेत, दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरशेजारी.

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. रात्री फोन आला, "केशवराव पेटलंय." आम्ही नाटकवाले 'केशवराव भोसले नाट्यगृह' असं पुरतं नाव कधी घेत नाही, नुसतं 'केशवराव' म्हणतो. त्यामुळं ते दोन शब्द कानावर पडले तेव्हा घरच्या माणसाचं काहीतरी झाल्यासारखं पोटात गोळा आला. मिरजकर तिकटीपर्यंत पोचलो, पुढं गर्दी होती. खासबागेच्या बाजूनं ज्वाळा वर जात होत्या आणि रस्त्यावर म्हातारी माणसं रडत उभी होती. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, खुद्द केशवरावांची जयंती. नागपंचमीही त्याच दिवशी. सकाळी परत गेलो तर समोरची दगडी बाजू जागेवर होती, आणि दारातून आत बघितलं तर आभाळ दिसत होतं.

आता पुनर्बांधणी चालू आहे. निधी किती आला, काम कधी संपणार, यावर सगळीकडं बोललं जातं. मला त्या वास्तूबद्दल बोलायचंय. १९१३ मध्ये बांधायला घेतली, १९१५ मध्ये खुली झाली, 'पॅलेस थिएटर' नावानं. शाहू महाराजांनी बांधून घेतली. शेजारचं कुस्तीचं खासबाग मैदान त्याआधीचं, १९१२ चं. महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले तेव्हा रोमला थांबले होते आणि तिथली प्राचीन प्रेक्षागारं बघून या दोन्ही गोष्टी मनात धरल्या, असं कोल्हापुरात सगळेच सांगतात. मैदान बघितलं की ते पटतं. मधे तांबड्या मातीचा हौद आणि भोवती गोल चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, कुस्ती दिसते.

आणि या मैदानाला पाठ लावून नाट्यगृह. पलीकडं पैलवान, अलीकडं गवई. एका राजानं या दोघांना एकाच आवारात जागा दिली, हे मला त्या वास्तूचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य वाटतं.

माझ्यापुरतं सांगतो. मला दोन गोष्टी परत हव्यात. पहिली, नट आणि शेवटचा प्रेक्षक यांच्यातलं अंतर. नटानं मान खाली घातली तरी मागच्या रांगेला कळायचं. दुसरी, आवाज. तालमीला रिकाम्या सभागृहात माइक बंद असताना कुणी बोललं तरी शब्द तुटायचा नाही.

प्रेक्षक, कलाकार, बांधकामातले जाणकार, सगळ्यांनी लिहा. काय परत यायलाच हवं, आणि काय परत यायला नको?

तिसरी घंटा

विंगदादा, बरं केलंत धागा काढलात. वय ७१. पेठेतला माणूस, नाटकाला चालत जाणारा.

ज्यांच्या नावानं नाट्यगृह आहे त्यांच्याबद्दल नव्या मुलांना फारसं माहीत नसतं म्हणून आधी थोडं लिहितो. केशवराव भोसले कोल्हापूरचे, जन्म १८९० चा. पोरवयातच स्वदेश हितचिंतक मंडळीत 'शारदा' करून नावाजले. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक मंडळी काढली तेव्हा विशीतही नव्हते. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, म्हणजे दोन मंडळ्यांनी मिळून केलेलं 'मानापमान' नाटक. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, विषमज्वरानं गेले. वय ३१. संगीतसूर्य म्हणायचे त्यांना.

हे अशासाठी लिहिलं की त्या काळी गळा हेच सगळं यंत्र होतं. १९१५ मध्ये ध्वनिवर्धक ही चीजच जगात नुकती कुठं जन्माला येत होती. म्हणजे पॅलेस थिएटर बांधणाऱ्यांनी भिंत किती लांब, छत किती उंच हे ठरवलं ते माणसाच्या गळ्याच्या हिशेबानं. तो हिशेब मोडू नका, एवढंच माझं म्हणणं.

माझी आई शेवटी शेवटी कमी ऐकायची. घरी टीव्ही मोठा करायला लागायचा. पण इथं पाचव्या रांगेत बसून पदं ऐकताना ती तोंडातल्या तोंडात पुढची ओळ म्हणायची. मी तिच्याकडं बघत बसायचो, नाटकाकडं नाही.

रंकाळ्याचा वारा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. जुनं ते सोनं म्हणत किती दिवस बसायचं? कोल्हापूर आता केवढं वाढलंय. मुंबई-पुण्याचं मोठं नाटक आलं की तिकीट मिळत नाही. जळलंच आहे तर दीड हजार खुर्च्यांचं करा, पूर्ण एसी, वर मोठी बाल्कनी, खाली पार्किंग. साउंड सिस्टीम झकास बसवा, मग मागच्याला ऐकू येणार नाही असं होतंय होय? पुढची दगडी भिंत तेवढी ठेवा आठवण म्हणून. लोकांना सोय पाहिजे.

डेसिबल

ध्वनियंत्रणेचं काम करतो, म्हणून वारासाहेबांच्या 'साउंड सिस्टीम झकास बसवा' वर बोलतो. माझा धंदाच तो आहे, तरी सांगतो की वाईट सभागृह स्पीकरनं चांगलं होत नाही. उलट स्पीकर जितका मोठा, तितका भिंतीवरून परत येणारा घोळ मोठा.

आवाज थांबल्यावर सभागृहात तो किती वेळ घुमत राहतो, त्याला अनुरणन काळ म्हणतात. हार्वर्डमधल्या वॉलेस सॅबिन यांनी १८९५ नंतर एका व्याख्यानगृहातला घुमारा कमी करता करता त्याचं सूत्र शोधलं. सभागृहाचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ नं गुणा, आणि आतल्या एकूण शोषणानं भागा. शोषण म्हणजे खुर्च्या, पडदे, छत, माणसं मिळून आवाज किती पितात ते. उदाहरणादाखल समजा घनफळ ३५०० आणि शोषण ५०० आहे. उत्तर येतं साधारण १.१ सेकंद. बोलायच्या नाटकाला एक सेकंदाच्या आसपास हवं, पदांना थोडं जास्त चालतं, म्हणजे हे संगीत नाटकाला सोन्यासारखं. आता छत उंच करून घनफळ ५००० केलंत आणि बाकी तसंच ठेवलंत, तर १.६ सेकंद. आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढायला लागते. मग शोषण वाढवायला भिंतींना जाड कापड लावतात. घुमारा जातो, पण आवाज मेल्यासारखा होतो आणि पुन्हा स्पीकर वाढवावे लागतात.

उजवी विंग यांनी अंतराचं लिहिलंय त्यालाही आधार आहे. नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसायचे तर शेवटची रांग रंगमंचापासून २० मीटरच्या आत हवी, असा नाट्यगृहांच्या रचनेतला जुना ठोकताळा आहे. शिवाय मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. दीड हजार खुर्च्या २० मीटरच्या आत बसत नाहीत. सरळ हिशेब आहे.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल अजून कुणी बोललं नाही. छप्पर. कोल्हापूरचा पाऊस आपल्याला माहीत आहे. वर नुसता पत्रा ठोकला तर जून ते सप्टेंबर नाटक बंद ठेवावं लागेल. एका गावच्या सभागृहात मी हे भोगलंय. दुसऱ्या अंकात सर आली आणि नायिकेचे फक्त ओठ हलताना दिसत होते, वीस मिनिटं. छप्पर हलकं करायचं असेल तर पत्र्याखाली जड थर, मधे पोकळी, खाली लाकडी छत असा पदर पदर हवा. वाद्यांचा बजेट कापा, हा कापू नका.

काळी दोन

डेसिबल, तुमचं गणित मला पुरतं कळलं नाही, पण ते मी बोटांनी ओळखतो. ऑर्गन आणि पेटी वाजवतो, संगीत नाटकांना साथ करतो. काही सभागृहांत पेटीचा भाता निम्मा दाबला तरी सूर भरून राहतो. काही ठिकाणी पूर्ण ओढलं तरी सूर पायाशीच पडतो. केशवराव पहिल्या जातीचं होतं. लाकूड होतं ना सगळीकडं. वर लाकूड, रंगमंचाला लाकडी फळ्या आणि त्याखाली पोकळी. तबल्याच्या डग्ग्याचा ठोका फळीतून तळपायाला कळायचा. गायक नट अनवाणी उभा असला की ठेका त्याच्या अंगात चढायचा, माझ्याकडं बघावं लागायचं नाही.

नव्या ठिकाणी काँक्रीटच्या स्लॅबवर विनाइलची शीट चिकटवतात. दिसायला गुळगुळीत. नाचणाऱ्याचे गुडघे जातात आणि आवाज मरतो. म्हणून माझी मागणी एकच. रंगमंच लाकडाचा, खाली पोकळी ठेवून. बाकी काही का करेनात.

आणि साथीदारांची जागा. हल्ली आम्हाला विंगेत कोंबतात, तिथून गायकाचं तोंड दिसत नाही. संगीत नाटकाचं गाव आहे हे. अल्लादिया खाँसाहेब याच गावच्या दरबारात होते, 'मानापमान'च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे याच मातीतले. रंगमंचासमोर वादकांसाठी खोलगट जागा असलीच पाहिजे. लागत नाही तेव्हा फळ्या टाकून झाकता येते.

रंकाळ्याचा वारा

डेसिबल, पावसाचं पटलं. पण मग आहे तेवढंच ठेवून एसी, वायरिंग सगळं परत लाकडातच घालायचं? परत पेटलं तर? दगडी भिंतींचं तरी काय, त्या भाजून निघाल्यात. पाडून नवं बांधणंच सुरक्षित नाही का?

चुना-वाळू

हा प्रश्न रास्त आहे, त्यामुळं सविस्तर लिहितो. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो. या कामाशी माझा संबंध नाही, सर्वसाधारण जे खरं असतं तेवढं सांगतो.

आधी भिंती. आपल्याकडच्या जुन्या जाड भिंतीत बहुधा दोन्ही अंगांना घडीव दगड, मधे दगडगोट्यांची भर आणि सगळं चुन्यात बांधलेलं असतं. आगीत काळ्या दगडाचे वरचे कपचे उडतात, चुना आतल्या तोंडाला भाजून भुसभुशीत होतो. पण जाड भिंतीच्या पोटापर्यंत उष्णता सहसा पोचत नाही. हातोडीनं ठोकत गेलं की कळतं. खणखणीत वाजला तो दगड जिवंत, बद्द वाजला तिथं आत पोकळी. ठिकठिकाणी गाभ्याचे नमुने काढून तपासतात, भोकं पाडून चुन्याचा पातळ रस दाबानं आत सोडतात, मेलेला दगड तेवढा बदलतात. सरसकट पाडायचं कारण नसतं. आगीपेक्षा मोठा शत्रू नंतरचा पाऊस. छप्पर गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो आणि पाणी थेट मधल्या भरीत उतरतं. म्हणून जळालेल्या वास्तूत पहिलं काम असतं भिंतीचे माथे झाकणं. दुरुस्ती चुन्यातच हवी. सिमेंट ओल कोंडून धरतं, दगडाला श्वास घेऊ देत नाही.

आता लाकूड की लोखंड. लोकांना वाटतं लोखंड जळत नाही म्हणजे ते सुरक्षित. लोखंड जळत नाही, पण ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची निम्मी ताकद जाते आणि छपराला पेलणारी उघडी कैची (त्रिकोणी सांगाडा) एकदम वाकून खाली येते. जाड सागवानी तुळई पेटली तर बाहेरून कोळसा धरते, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. जळणं मिनिटाला मिलिमीटरपेक्षाही कमी आत सरकतं, म्हणजे तुळई आपल्याला वेळ देते. झटकन पेटतात त्या बारीक पट्ट्या, पातळ फळ्या, कापड, खुर्च्यांचा फोम. त्यामुळं वादळ उठायचं ते लाकडावर नाही, बारीक आणि सुक्या गोष्टींवर उठायला हवं. कैच्या लोखंडाच्या करा हवं तर, पण त्यांना आगरोधक लेप द्या. छताची फळी जाड घ्या आणि प्रक्रिया केलेली घ्या.

१९०३ मध्ये शिकागोच्या इरोक्वॉइस थिएटरात ६०२ माणसं गेली. ते थिएटर नवंकोरं होतं, महिन्याभरापूर्वी उघडलेलं, आणि 'आगीला दाद न देणारं' अशी त्याची जाहिरात होती. पडद्याला दिव्यानं आग लागली, संरक्षक पडदा मधेच अडकला, दारं उघडेनात. जगभरच्या नाट्यगृहांचे आजचे नियम अशाच राखेतून आलेत. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामधे आगरोधक भिंत, रंगमंचाच्या पुढच्या कमानीत वरून पडणारा आगरोधक पडदा, रंगमंचाच्या डोक्यावर धूर बाहेर सोडणारी झडप, नुसतं अंग टेकलं तरी बाहेर उघडणारी दारं. हे सगळं जुन्या वास्तूच्या आत, बाहेरून एक दगडही न बदलता बसवता येतं.

आपल्याकडं तर नाट्यगृहाची पाठ आणि मैदानाचा मंच लागून आहेत. तिथली भिंत आगीच्या दृष्टीनं सगळ्यात मजबूत हवी. हीच भिंत दुहेरी केली, मधे पोकळी सोडली, तर मैदानावरच्या हलगीचा आवाजही अडेल. डेसिबल सांगतील.

डेसिबल

अगदी बरोबर. एकच जाड भिंत करण्यापेक्षा मधे हवा सोडून दोन भिंती केल्या तर आवाज जास्त अडतो. हलगीचा कडकडाट अडवणं सोपं, घुमक्याचा खालचा आवाज अवघड. तिथं वजन आणि अंतर दोन्ही लागतं. एसीचंही तसंच. यंत्र दुसऱ्या बाजूला, स्वतंत्र पायावर ठेवायचं, आणि हवेच्या वाहिन्या रुंद घेऊन हवा सावकाश सोडायची. अरुंद नळातून जोरात सोडली की ती शिट्टी घालते.

नऊवारी

सगळे प्रेक्षागृहाबद्दलच बोलताय. मी पडद्यामागचं लिहिते.

१६ वर्षं नाटकांत काम करते. कुठल्या नाट्यगृहाचं नाव घेत नाही, कारण हे बऱ्याच गावांत असंच आहे. बायकांच्या मेकअप रूमला कडी नाही. आरसा आहे तर वर दिवा नाही, दिवा आहे तर तो पिवळा, मग रंगमंचावर चेहरा वेगळाच दिसतो. एका गावी संडासला जायचं तर नऊवारी आणि दागिन्यांसकट प्रेक्षकांच्या रांगेतून जायला लागायचं. म्हणून आम्ही दुपारपासून पाणीच प्यायचो नाही. तीन अंकी नाटक, पदं म्हणायची, घसा कोरडा. माझ्याबरोबरची एक मुलगी दोन दौऱ्यांनंतर मूत्रमार्गाच्या संसर्गानं आजारी पडली आणि तिनं नाटक सोडलं. आवाज काय होता तिचा!

घुमारा, लाकूड, सगळं मला कळतं आणि ते हवंच. पण जिच्या गळ्यासाठी एवढं करायचं, तिला पाणी पिता यायला हवं. म्हणून माझी यादी: रंगमंचाच्या पातळीवर, पायऱ्या न चढता पोचता येईल अशी बायकांची मेकअप रूम, तिला आतून कडी, तिथंच जोडलेला संडास, आरशाच्या दोन्ही बाजूंना पांढरा दिवा, साड्या टांगायला दांडा, इस्त्रीला पॉइंट. स्पर्धेचं नाटक असलं की २०-२५ जणांचा संच असतो आणि लागोपाठ दुसरा संच येतो, त्यामुळं खोल्या दोन नाही, चार लागतात. बाळाला पाजायला एक कोपरा. मी स्वतः मुलीला सहा महिन्यांची असताना दौऱ्यावर नेलंय.

तिसरी घंटा

नऊवारीताई, इतकी वर्षं आम्ही समोर बसून टाळ्या वाजवल्या आणि मागं हे चाललेलं असायचं, हे डोक्यात कधी आलंच नाही. वाईट वाटलं. तुमची यादी पहिल्या क्रमांकावर जावी.

चाकांवरून

माझं थोडक्यात. चाकाच्या खुर्चीवर असतो. बहुतेक नाट्यगृहांत मला मधल्या वाटेत, दाराच्या झोतात बसवतात. बरोबरची बायको तीन रांगा पुढं. नाटकातली मजा निम्मी शेजारच्याकडं बघण्यात असते. उतार हवाच, १२ फुटांना एक फूट यापेक्षा उभा नको. पण रांगेतच दोन-तीन ठिकाणी खुर्ची सोडून मोकळी जागा ठेवा, शेजारी सोबत्याची खुर्ची. आणि कलाकारांच्या बाजूलाही उतार असावा. मी कधी रंगमंचावर जाणार नाही असं कुणी ठरवलं?

परगावी पेठकर

पेठेतलाच, आता मुंबईत. इथल्या रॉयल ऑपेरा हाउसचं उदाहरण देतो. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं. नंतर सिनेमा थिएटर झालं, १९९३ मध्ये बंद पडलं, तब्बल २३ वर्षं कुलूप होतं. २०१६ मध्ये जीर्णोद्धार करून उघडलं. छोटंच आहे. पण तिथं गायला मिळावं म्हणून कलाकार धडपडतात.

दुसरं उदाहरण व्हेनिसचं. तिथलं ला फेनिचे ऑपेरागृह २९ जानेवारी १९९६ ला जळून नुसत्या भिंती उरल्या. आपल्यासारखाच वाद तिथंही झाला. शेवटी ठरलं, 'जिथं होतं तिथं, जसं होतं तसं'. जुनी छायाचित्रं, नकाशे, एका जुन्या चित्रपटात दिसलेला आतला भाग, असं सगळं गोळा करून उभं केलं आणि डिसेंबर २००३ मध्ये उघडलं. पण 'जसं होतं तसं' म्हणताना आगीची आणि रंगमंचाची यंत्रणा मात्र पूर्ण नवी केली, खुर्च्याही थोड्या वाढवल्या.

मला वाटतं आपलाही मार्ग हाच.

रंकाळ्याचा वारा

दीड हजारांचा हट्ट मी सोडतो. मोठ्या नाटकांसाठी शहराबाहेर वेगळं मोठं सभागृह मागू, ती मागणी सोडणार नाही. पण केशवराव आहे तेवढंच राहू दे. चाकांवरून यांचं वाचलं आणि आमचे अण्णा आठवले. पक्षाघातानंतर सात वर्षं त्यांना नाटकाला नेता आलं नाही, पायऱ्यांमुळं.

उजवी विंग

वारा, तुमच्या दुसऱ्या मागणीला माझाही पाठिंबा.

परगावी पेठकरांच्या लिहिण्यात एक गोष्ट मनात राहिली. जुनी छायाचित्रं, नकाशे. आपल्याकडं बाहेरच्या बाजूचे फोटो ढिगानं आहेत. आतले फोटो म्हणजे सगळे रंगमंचाकडं तोंड करून काढलेले, नट मधे आणि मागं सेट. कमानीच्या कोपऱ्याचा, विंगेचा, छताच्या जोडांचा, वरच्या दांड्यांचा फोटो कुणी कशाला काढेल? मीही काढला नाही. ज्या जागी २२ वर्षं उभा राहिलो तिचा एक फोटो माझ्याकडं नाही.

कुणाकडं असेल तर कळवा. लग्नाच्या अल्बममध्ये, शाळेच्या स्नेहसंमेलनात, बक्षीस समारंभात मागं चुकून आलेलं असेल तेही चालेल.

भरलेला टेम्पो

नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहितोय, मुलगी टाइप करून देत्येय. सेट लावायचं काम करायचो. वडील तेच करायचे. त्यांच्या आधी आजोबा नाटक मंडळ्यांचे रंगवलेले पडदे बांधायला आणि वाहायला होते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी मंडळ्यांसाठी रंगवलेले पडदे काय असायचे ते आजोबा सांगायचे. महालाचा पडदा सुटला की बाया हात जोडायच्या म्हणे.

तुम्ही सगळ्यांनी चांगलं लिवलंय. एक राह्यलं. सेट आत न्यायचं दार. सेटचा फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीची सुटी चौकट, आठ फूट, दहा फूट उंच असतोय. दार लहान असलं की फ्लॅट तिरका करून न्यायला लागतोय, कोपरे मोडतात, पाठीत उसण भरते ती वेगळीच. संध्याकाळी खाऊगल्लीत गर्दी, टेम्पो मागं घ्यायला जागा नसते. टेम्पो थेट दाराला लागला पाहिजे आणि रंगमंचाची फळी टेम्पोच्या फाळक्याच्या उंचीला आली पाहिजे. मग दोन माणसं अर्ध्या तासात सेट उतरवतील, नाहीतर सहा माणसं लागतात.

आता विंगदादा तुमच्या फोटोचं. फोटो नाहीत माझ्याकडं. पण आम्ही सेटवाले वही ठेवतो. गावोगावी जायचं तर तिथल्या रंगमंचाचं माप आधी माहीत पाहिजे, नाहीतर सेट बसत नाही. कमान किती रुंद, किती उंच, आत खोली किती, विंगेत किती जागा, पडद्याचा दांडा कुठं, फळीला कुठं उतार, खिळा कुठं धरत नाही, सगळं लिहिलेलं असतं. वडिलांच्या वहीत केशवरावची दोन पानं आहेत. माझ्या वहीत तीन. मधे दुरुस्ती झाली तेव्हा मापं बदलली, ती पण लिहिलीत.

डेसिबल

काका, तुम्ही काय लिहिलंय याची तुम्हाला कल्पना नसेल. रंगमंचाची खोली, कमानीची उंची, फळीचा उतार, हे आकडे मिळाले तर जुन्या रंगमंचाचं घनफळ मांडता येईल.

चुना-वाळू

काका, वह्या कृपा करून कुणाला देऊ नका. आधी पानांचे फोटो घ्या, दिवसाउजेडी, शेजारी मोजपट्टी ठेवून. मूळ वही घरीच राहू द्या. मापं ज्यांना द्यायची त्यांना आपण सगळे मिळून देऊ.

भरलेला टेम्पो

वह्या पेटीत आहेत, माळ्यावर. २०१९ च्या पुरात खाली होत्या, वडिलांची भिजली होती. शाई पसरलीय, पण पेन्सिलीचे आकडे जसेच्या तसे आहेत. रविवारी मुलगी घरी असते. तेव्हा पत्र्यावर उन्हात ठेवून फोटो काढतो.

उजवी विंग

काका, पत्ता मला खासगीत पाठवा. रविवारी सकाळी मी येतो, मोजपट्टी आणि दिवा घेऊन. फिकट अक्षरावर बाजूनं उजेड टाकला की ते उठून दिसतं, तेवढं माझं कामच आहे.

नऊवारी

मीही येतेय. त्या पानांवर मेकअप रूमचं माप आहे का बघायचंय.